न दुखणारा आजार : कोलेस्टेरॉल आणि आपले हृदय

(विहाराच्या वर्धापन दिनानिमित्त आयोजित आरोग्य व्याख्यानाचा मजकूर)



समितीने आम्हाला 'हृदयरोग' असा विषय दिला. विषय फार मोठा आहे. झडपांचे आजार, जन्मजात दोष, हृदयाचे ठोके चुकणे, हे सारे एका संध्याकाळी सांगता येणार नाही. म्हणून आम्ही आज फक्त एका कागदाविषयी बोलणार आहोत. तो कागद आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी आहे. रेशन कार्ड, जातीचा दाखला आणि लाइटची बिले ज्या प्लास्टिकच्या पिशवीत असतात, त्याच पिशवीत तोही घडी करून ठेवलेला असतो. त्यावर 'लिपिड प्रोफाइल' असे छापलेले असते, खाली पाच-सहा आकडे असतात, आणि एक-दोन आकड्यांपुढे जाड ठसा असतो. डॉक्टरांनी गोळी लिहून दिलेली असते. महिनाभर ती खाल्ली जाते. पुढे?

पुढचे आम्ही शिबिरात नेहमी ऐकतो. "मले तं काईच तरास नाई, मंग गोळी काऊन खाऊ?"

हा प्रश्न अडाण्याचा नाही. तो अगदी रास्त आहे. दुखले की औषध घ्यावे, थांबले की बंद करावे, हे आपल्याला लहानपणापासून माहीत आहे. पण कोलेस्टेरॉल दुखत नाही. ते वीस वर्षे वाढलेले राहिले तरी ना ताप येतो, ना डोके दुखते. आणि ज्या दिवशी दुखते, त्या दिवशी ते कोलेस्टेरॉलचे दुखणे नसते, तो हृदयविकाराचा झटका असतो. म्हणून त्रास नसतानाच उपचार करायचा, एवढे जरी आज सर्वांनी मनावर घेतले तरी आमचे काम झाले.

आता कोलेस्टेरॉल म्हणजे काय ते पाहू. ते विष नव्हे. मेणासारखा एक पदार्थ आहे, आणि शरीराला तो लागतोच. प्रत्येक पेशीच्या आवरणात तो असतो. पित्त, काही संप्रेरके आणि ड जीवनसत्त्व त्यापासूनच बनते. त्यातला मोठा हिस्सा आपले यकृत, म्हणजे लिव्हर, स्वतः तयार करते. जेवणातून येतो तो तुलनेने थोडा. म्हणूनच काटक, सडपातळ, माळकऱ्यासारखे खाणाऱ्या माणसाचेही कोलेस्टेरॉल वाढलेले निघते आणि तो चकित होतो. "आमच्या घरी तर मटण महिन्यातून एकदाच," असे तो सांगतो, आणि खरेच सांगतो.

तेल पाण्यात मिसळत नाही, तसे कोलेस्टेरॉल रक्तात मिसळत नाही. त्याला वाहून न्यायला गाड्या लागतात. एलडीएल ही गाडी माल घेऊन शरीरभर फिरते, आणि संख्येने जास्त झाली की रक्तवाहिनीच्या भिंतीत शिरून तिथेच माल टाकते. एचडीएल ही गाडी काही माल उचलून परत यकृताकडे आणते. तिसरा आकडा ट्रायग्लिसराइडचा. तो कोलेस्टेरॉलचा नाही, वेगळ्या चरबीचा आहे. भात, साखर, मैदा आणि दारू यांनी तो विशेष वाढतो.

पुष्कळ ठिकाणी चित्र काढून सांगतात की नळाच्या पाइपात गाळ साचतो तसे होते. आम्हाला हे चित्र पटत नाही, कारण त्यातून लोक चुकीचा अर्थ काढतात. गाळ आत साचत नाही, भिंतीच्या पोटात साचतो. फोडासारखा. रक्तवाहिनी निम्मीसुद्धा बंद नसते, माणूस जिने चढतो, सायकल चालवतो, आणि एके दिवशी तो फोड फुटतो. फुटल्यावर जखम समजून रक्त तिथे गोठते आणि काही मिनिटांत वाट बंद होते. "काल तर चांगला नाचला वरातीत," असे आपण म्हणतो ते यामुळे. गोळीचे काम केवळ आकडा उतरवणे एवढेच नाही. तो फोड आतून घट्ट व्हावा, फुटू नये, हेही तिचे काम आहे. त्यामुळे आकडा उतरला म्हणून गोळी थांबवली, की काही आठवड्यांत आकडा पूर्वीच्या जागी जातो.

आता आकडे. सर्वांनी एकूण कोलेस्टेरॉल पाहायचे आणि ते दोनशेच्या आत असले की सुटकेचा श्वास सोडायचा, ही सवय मोडली पाहिजे. एक उदाहरण घ्या. एका माणसाचे एकूण कोलेस्टेरॉल १९०, एचडीएल ३० आणि ट्रायग्लिसराइड २५०. दुसऱ्याचे एकूण २०५, एचडीएल ६२ आणि ट्रायग्लिसराइड ८०. रिपोर्टवर जाड ठसा दुसऱ्याच्या एकूण आकड्याला बसेल. पण एकूणातून एचडीएल वजा करा. पहिल्याचे उरले १६०, दुसऱ्याचे १४३. म्हणजे वाईट गाड्यांचा भार पहिल्याकडेच जास्त. ही वजाबाकी चौथीतले पोरही करू शकते. तिला नॉन-एचडीएल म्हणतात, आणि भारतीय माणसासाठी ती फार कामाची आहे. कारण आपल्याकडे एचडीएल कमी आणि ट्रायग्लिसराइड जास्त, अशी जोडी फार आढळते.

कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने २०२४ साली आपल्या देशासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांनुसार ज्याला दुसरा काही धोका नाही त्याचा एलडीएल १०० च्या खाली आणि नॉन-एचडीएल १३० च्या खाली असावा. मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्या, म्हणजे जास्त धोक्याच्या माणसाचा एलडीएल ७० च्या खाली. ज्याला झटका येऊन गेला, अँजिओप्लास्टी किंवा बायपास झाली, त्याचा ५५ च्या खाली. लक्षात घ्या, एकच आकडा शेजाऱ्याला चांगला आणि तुम्हाला वाईट असू शकतो. लॅबच्या कागदावर छापलेली 'नॉर्मल'ची रेघ तुम्हाला मधुमेह आहे की नाही हे जाणत नाही. त्याच सूचनांत आणखी एक सोय सांगितली आहे : पहिल्या तपासणीसाठी उपाशी राहण्याची गरज नाही. ट्रायग्लिसराइड फार वाढलेले निघाले तरच उपाशीपोटी परत करावी लागते. आणि पहिली तपासणी अठराव्या वर्षी. चाळिशीची वाट पाहायची नाही.

अठरावे वर्ष ऐकून काही जण हसले. हसू नका. २००४ साली 'इंटरहार्ट' नावाचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, बावन्न देशांतला. त्यात दिसले की दक्षिण आशियातल्या माणसाला पहिला झटका सरासरी ५३ व्या वर्षाच्या सुमारास येतो, इतर देशांत तो ५९ च्या आसपास. सहा वर्षे आधी! आपल्या घरात ५३ व्या वर्षी मुलगी बारावीत असते, घराचे कर्ज फिटलेले नसते. आणि याच अभ्यासाने सांगितले की रक्तातील चरबी, तंबाखू, रक्तदाब, मधुमेह, पोटाचा घेर, मानसिक ताण, भाजी-फळांचा अभाव, व्यायामाचा अभाव आणि दारू या नऊ गोष्टींतच झटक्याच्या धोक्याचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग येतो. म्हणजे नशिबाच्या वाट्याला फार थोडे उरते. कर्मकांड नाकारलेल्या समाजाला हे वेगळे समजावून सांगायला नको.

काही घरांत मात्र दोष जन्मापासूनच असतो. एलडीएल १९० च्या वर, टाचेमागच्या शिरेवर गाठी, वडील किंवा काका चाळिशीत गेलेले. अशा घरातल्या लेकरांचीही तपासणी करून घ्यावी. तिथे पथ्याने भागत नाही, औषध लागतेच.

आता जेवणाकडे वळू. इथे आम्हाला थोडे मोकळे बोलायचे आहे. आपल्या माणसाला डॉक्टरकडे गेल्यावर पुष्कळदा पहिले वाक्य ऐकावे लागते, "तुम्ही लोक मटण खाता ना, मग होणारच." बोलणाऱ्याच्या स्वरात जे असते ते आपल्याला कळते. माणूस खाली मान घालून बाहेर येतो आणि परत तिकडे जात नाही. आमचे सांगणे असे की खाण्याची लाज बाळगू नका, पण हिशेब ठेवा. लाजेने कोणाचा एलडीएल उतरत नाही. शिवाय तुपात न्हालेले शाकाहारी ताटही धमन्यांना काही सोडत नाही.

हिशेब असा. मांसात वाईट काय, तर दिसणारी चरबी. बकऱ्याची चरबी वेगळी मागून आणून रश्श्यात टाकतात, वर तर्री यावी म्हणून, ती सोडा. मुंडी, भेजा, कलेजी रोजची नको, सणावारी ठीक. कोंबडीचे कातडे काढा. मासे चांगले, पण सुकट-बोंबलात मीठ फार, तेव्हा रक्तदाबवाल्यांनी ते भरपूर धुऊन, थोडेच घ्यावे. दिवसाचे सगळे मिळून मीठ एक चहाचा चमचा, पाच ग्रॅम, याच्या आत हवे. पापड, लोणचे, शेव यांचेही त्यात धरायचे. अंड्याला मात्र लोक उगाच भितात. धडधाकट माणसाने रोज एक अंडे खाल्ले तरी बिघडत नाही. मधुमेह किंवा हृदयरोग असलेल्यांनी पिवळ्या बलकाविषयी आपल्या डॉक्टरांना विचारावे.

खरा चोर आमच्या मते कढईत आहे. कोपऱ्यावरच्या टपरीवर आलुबोंडे आणि समोसे ज्या तेलात तळले जातात ते तेल सकाळी काय रंगाचे असते आणि रात्री काय, ते एकदा उभे राहून पाहा. बऱ्याच ठिकाणी ते पामतेल असते, आणि पामतेलातली जवळपास निम्मी चरबी एलडीएल वाढवणारी असते. डालड्यातल्या ट्रान्स फॅटवर सरकारने जानेवारी २०२२ पासून दोन टक्क्यांची मर्यादा घातली, हे चांगले झाले. पण तेच तेल पुन्हा पुन्हा तापवण्यावर कोण लक्ष ठेवणार? घरात माणशी महिन्याला अर्धा लिटर तेल, सगळे धरून. चार माणसांचे घर असेल तर दोन लिटर. भगिनींनो, महिन्याचे सामान आणाल तेव्हा मोजून पाहा, बहुतेक घरांत ते वीस तारखेलाच संपेल. आपल्या विदर्भाची जवसाची चटणी पुन्हा ताटात आणा, ज्वारीची भाकर आणा, बरबटी, चवळी, मुगाची उसळ आणा. यात काही परदेशी नाही, महागही नाही. ओट्सचे डबे विकत घ्यायची गरज नाही.

आणि भात. त्रिपिटकात कोसल देशाच्या पसेनदी राजाची गोष्ट आहे. हा राजा भांडेभर भात खायचा आणि धापा टाकत तथागतांसमोर येऊन बसायचा. तथागतांनी त्याला उपवास सांगितला नाही, कुठला पदार्थ वर्ज्य केला नाही. जेवताना भान ठेवून प्रमाण ओळखावे, अशा अर्थाची एक गाथा म्हटली. राजाने जवळ उभ्या असलेल्या सुदस्सन नावाच्या तरुणाला ती पाठ करायला लावली आणि रोज जेवताना म्हणायची कामगिरी दिली. त्यासाठी रोजचे शंभर कहापण ठरवले. हळूहळू राजा मापभर भातावर आला आणि अंगाने हलका झाला. आमच्या मते यातली खरी युक्ती तो तरुण आहे. एकट्याच्या निश्चयावर सोडले असते तर राजालाही जमले नसते. घरोघरी एक सुदस्सन नेमा. नातवंडे हे काम फुकटात आणि फार कडकपणे करतात.

आपला समाज ताट बदलू शकत नाही असे कोणी म्हणू नये. १९२७ साली महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मृत मांस सोडण्याचे आवाहन केले आणि आपल्या आजी-आजोबांनी, पोट रिकामे असताना, ते सोडले. आपल्याला तर फक्त तर्री सोडायची आहे.

तंबाखूबद्दल थोडक्यात, कारण हे सगळ्यांना माहीत आहे आणि तरी खिशात आहे. खर्रा. बिडी-सिगारेटने फुप्फुस खराब होते, खर्ऱ्याने तोंडाचा कर्करोग होतो, एवढेच लोक धरून चालतात. बिनधुराचा तंबाखूही नाडी आणि रक्तदाब वाढवतो, हृदयावर भार टाकतो. गुडाखू घासणाऱ्या आपल्या माता-भगिनींना आम्ही विशेष विनंती करतो. तो दंतमंजन नाही, तंबाखू आहे. दारूचे आम्ही काय सांगावे? पाचवे शील दर रविवारी या सभागृहात आपण एका सुरात म्हणतो. ट्रायग्लिसराइड चारशे-पाचशे निघाले, की 'कधीमधी' हा शब्द किती लांबतो ते रिपोर्टवरूनच समजते.

आता गोळीकडे. या औषधांना स्टॅटिन म्हणतात; अटोरव्हास्टॅटिन, रोसुव्हास्टॅटिन ही नावे आपण पाहिली असतील. मूळ शोध जपानचे अकिरा एन्डो यांचा. शेतकरी घरातला हा शास्त्रज्ञ हजारो बुरशा तपासत बसला आणि १९७३ च्या सुमारास एका बुरशीतून त्यांना पहिले स्टॅटिन मिळाले. २०२४ साली ते वारले. स्टॅटिनने खरोखर जीव वाचतो का, याचे ठाम उत्तर १९९४ साली मिळाले. युरोपच्या उत्तरेकडील देशांत ४,४४४ हृदयरोग्यांवर पाच वर्षांहून अधिक काळ चाचणी झाली. अर्ध्यांना खरी गोळी, अर्ध्यांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली. बिनऔषधाच्या गटात २५६ मृत्यू झाले, औषधाच्या गटात १८२. त्यानंतर अनेक चाचण्या झाल्या आणि सर्वसाधारण हिशेब असा निघाला, की एलडीएल ३९ ने उतरला तर झटका, लकवा अशा घटना सुमारे एक पंचमांशाने कमी होतात.

पथ्याने एलडीएल उतरतो, पण साधारण दहा-पंधरा टक्के. गोळीने तीस ते पन्नास टक्के. तेव्हा ज्याला गोळी लागते त्याला ती लागतेच, आणि गोळी घेतो म्हणून आलुबोंड्याला मोकळीक मिळत नाही.

"लिव्हर खराब होते", "गरम पडते", "एकदा लागली की सवय लागते" ही वाक्ये वस्तीत फिरत असतात. काही जणांना स्टॅटिनने अंग, मांड्या दुखतात. रक्तातली साखर किंचित वाढू शकते, विशेषतः जो आधीच मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहे त्याची. लिव्हरला गंभीर इजा फार क्वचित. अंग दुखले तर मनाने बंद करू नका. डॉक्टर डोस कमी करतात, गोळी बदलतात, दुसरे औषधही आहे. गरोदर किंवा मूल हवे असलेल्या भगिनींनी मात्र डॉक्टरांना आधी सांगितलेच पाहिजे. आणि सवय? चष्म्याची सवय लागते म्हणून कोणी चष्मा सोडत नाही. पैशाची अडचण असेल तर जनऔषधी केंद्रात हीच औषधे पुष्कळ स्वस्त मिळतात.

व्हॉट्सअ‍ॅपवर लसूण, आले, लिंबू आणि व्हिनेगरचा रस येतो. त्याने म्हणे बंद नसा उघडतात. लसूण चटणीत जरूर खा. पण कालामांना तथागतांनी काय सांगितले ते आपण याच सभागृहात कितीदा ऐकले आहे : ऐकीव आहे, परंपरेने आले आहे, एवढ्यावर मानू नका. रस पिऊन तीन महिन्यांनी रिपोर्ट काढा आणि स्वतःच पाहा. पण तोवर गोळी सोडू नका.

उपोसथाच्या दिवशी अष्टशील पाळणाऱ्या उपासक-उपासिकांना एक सूचना. दुपारनंतर जेवण नाही म्हणून साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन नेहमीसारखेच घेतले तर साखर उतरून चक्कर येऊ शकते. आधी डॉक्टरांशी बोला. कोलेस्टेरॉलच्या या दोन गोळ्यांना मात्र जेवणाची अट नाही, त्या चुकवू नका.

शेवटचा भाग सर्वांत महत्त्वाचा, जरा सरसावून बसा. रात्री दोन वाजता छाती भरून येते, घाम सुटतो, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ जाते. घरात काय होते? "गॅस झाला." ओवा दिला जातो, सोडा दिला जातो, छातीला तेल चोळले जाते, आणि उजाडेपर्यंत वाट पाहिली जाते. वाहिनी बंद झाल्यापासून हृदयाचा स्नायू मरू लागतो. गाठ विरघळवणारे इंजेक्शन किंवा अँजिओप्लास्टी जितकी लवकर तितका स्नायू वाचतो, आणि पहिला तास सोन्याचा. बायकांना आणि मधुमेहींना तर छातीत दुखेलच असे नाही. नुसता दम लागतो, मळमळ होते, गळून गेल्यासारखे वाटते. घरातली बाई "काई नाई, थकली" म्हणून भांडी घासत राहते. तिला उठवा. गॅस आहे की हृदय हे घरी ठरत नाही, ईसीजीवर ठरते. ईसीजीला पाच मिनिटे लागतात.

माणसाला चालवू नका, जिना उतरवायचा तर खुर्चीत बसवून. त्याला स्वतः स्कूटर चालवू देऊ नका. १०८ ला फोन करा. अ‍ॅस्पिरिनची अ‍ॅलर्जी, पोटात अल्सर किंवा रक्तस्रावाचा त्रास नसेल तर ३०० मिलिग्रॅमची साधी अ‍ॅस्पिरिन चावून द्यावी. जिभेखालची सॉर्बिट्रेट मात्र शेजाऱ्याच्या डब्यातली देऊ नका. रक्तदाब एकदम पडतो. आपल्या मेडिकलच्या सुपर स्पेशालिटीत हृदयरोग विभाग आहे, आणि महात्मा फुले जन आरोग्य योजनेत अँजिओप्लास्टी बसते. रेशन कार्ड आणि आधार कार्ड त्या प्लास्टिकच्या पिशवीत वरच ठेवा, लिपिडच्या कागदासोबत. गॅस निघाला तर हसत घरी या. कोणी नावे ठेवणार नाही.

एक प्रस्ताव समितीपुढे ठेवतो. आषाढी पौर्णिमेला वर्षावास सुरू होतो आणि आश्विन पौर्णिमेला संपतो, म्हणजे बरोबर तीन महिने. पथ्याचा आणि औषधाचा परिणाम रिपोर्टवर दिसायलाही साधारण एवढाच काळ पुरतो. वर्षावासाच्या आरंभी तपासणी, तीन महिने मोजके तेल, खर्रा बंद, आठवड्यातले पाच दिवस तीस मिनिटे झपाझप चालणे, आणि वर्षावास संपताना पुन्हा तपासणी. चालण्यासाठी पहाटेची वेळ धरा, नाहीतर संध्याकाळच्या वंदनेनंतर गटाने निघा. महिला मंडळाने हे हाती घेतले तर पुरुष आपोआप येतील, असा आमचा अनुभव आहे.

आज कार्यक्रमानंतर आम्ही ग्रंथालयाच्या खोलीत बसणार आहोत. रक्तदाब मोजू, कागद पाहू. ज्यांचे घर जवळ आहे त्यांनी जाऊन जुना रिपोर्ट आणि गोळ्यांचे पाकीट घेऊन यावे. अर्धवट सोडलेले पाकीट असेल तर तेही आणा, आम्ही रागावणार नाही.

जयभीम. नमो बुद्धाय.